मावशी, कापशीची मान अजून वाकडीच आहे

मावशी, तुम्ही लेकाकडे सुरतेला गेल्यापासून ओटा सुना वाटतो. सूनबाई हे वाचून दाखवतील. तुमच्यासमोर बोलताना माझा गळा भरून आला असता, म्हणून लिहिते.

चैत्रात आमची सशीण कापशी एका रात्रीत डावीकडे कलंडली. मान पिळल्यासारखी, बुबुळं थरथरत होती, उठायला गेली की लाटण्यासारखी गडगडायची. अमळनेरात एकाने बघून सांगितलं, "ससा आहे, सोडून द्या." मी तिला जळगावला नेलं. डॉक्टरांनी कान तपासले, ते स्वच्छ निघाले. मग एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली या परजीवीचा संशय धरून फेनबेंडाझोल सुरू केलं, २८ दिवस, रोज. पण औषधाइतकंच तिचं खाणं महत्त्वाचं, सशाने अर्धा दिवस जरी तोंड बंद ठेवलं तरी आतडी थांबतात, असं ते बजावून म्हणाले. आणि माझी नोकरी धुळ्याला, सकाळी सहाची एसटी.

मी विचारलंही नव्हतं. तुम्ही शेळ्यांना पाला टाकून आलात आणि पदर खोचून बसलात.

जुनी गोधडी पिळून तुम्ही मोठी चुंबळ केलीत आणि कापशीला घागरीसारखी तिच्यात बसवलीत. तिचं गडगडणं तिथेच थांबलं. मी विकतच्या उशा लावून थकले होते! सशाच्या खाद्याच्या भिजवलेल्या गोळ्यांची पेज सिरिंजने गालाच्या बाजूने, थेंब थेंब, तिला उताणी न करता. "लेंड्या पाह्य पोरी. त्या बंद पडन्यात का जनावर गयं," असं म्हणत तुम्ही रोज लेंड्या मोजायच्या. संध्याकाळी मी दारात चप्पल काढायच्या आधी आकडा सांगायच्या.

रात्रीच्या मऊ लेंड्या ससा स्वतःच्या अंगाखालून उचलून खातो, त्याला त्यातून पोषण मिळतं. कापशीची मान तिथवर पोचेना. डॉक्टरांचं हे बोलणं मी सांगितलं मात्र, तुम्ही त्या तळहातावर घेऊन तिच्या तोंडाशी धरल्यात. किळस नाही, काही नाही. ते बघून मी मोरीत जाऊन रडले होते, हे तुम्हाला माहीत नाही.

वैशाखात पारा ४४ वर गेला तेव्हा ओलं गोणपाट, मातीचा डेरा आणि त्याला टेकून बसलेली कापशी, सगळी तुमचीच व्यवस्था.

२८ दिवस संपले. परजीवीवरचा इलाज झाला, पण मान सरळ झाली नाही. मी रोज बोटाने कोन बघायचे. तुम्ही एकदा माझा हात धरून म्हणालात, "खास ना ती? मंग बस." खाते ना ती, मग झालं. त्या दिवसापासून मी कोन बघणं सोडलं.

आता ती डावीकडे वळत वळत चालते, पण कोथिंबिरीपर्यंत बरोबर पोचते. खालचा डोळा जमिनीला घासतो, म्हणून त्यात थेंब टाकते. त्या बाजूचा कान तिला साफ करता येत नाही, तो मी पुसते. पाणी बाटलीऐवजी जड, पसरट वाडग्यात. गोधडी तीच आहे, दोनदा धुतली.

आज सकाळच्या लेंड्या मोजल्या, मावशी. गोल, कोरड्या, भरपूर.

तुमची,
समोरच्या घरातली पोर