डॅशकॅम घेताना आधी आतल्या बॅटरीचे विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी मे महिन्यात, दुपारी पावणेचारच्या सुमारास, मेडिकल चौकाकडून तुकडोजी पुतळ्याकडे येताना एका मालवाहू टेम्पोने आमच्या वॅगनआरला डाव्या अंगाने धडक दिली. गाडी मी चालवत होते, शेजारी यजमान होते. दोघांनाही लागले नाही, एवढे देवाने केले. पण टेम्पोवाला खाली उतरला तोच ओरडत, की बाईंनी इंडिकेटर न देता गाडी वळवली. पाच मिनिटांत दहा-बारा माणसे जमली. त्यातले एकजण म्हणाले, "बाया गाडी चालवून राहिल्या म्हणजे असंच होते." मी शांतपणे सांगितले, माझ्या गाडीत कॅमेरा आहे, काय ते त्यात दिसेल.

कॅमेऱ्यात, म्हणजे पुढच्या काचेला चिकटवून रस्ता टिपणाऱ्या डॅशकॅममध्ये, काही दिसले नाही. ठाण्यात भाच्याने कार्ड काढून लॅपटॉपला लावले. आमचा कॅमेरा तीन-तीन मिनिटांचे तुकडे करून रेकॉर्डिंग साठवतो. ३ वाजून ३८ मिनिटांनी सुरू झालेला तुकडा स्वच्छ दिसला. पुढची बस, डाव्या हाताची रसवंती, सगळे. त्याच्या पुढच्या तुकड्याचे नाव होते, आकार शून्य होता. धडक त्यात होती. शेवटी ज्याचे त्याने दुरुस्त करून घ्यावे असे ठरले आणि दरवाजा व फेंडरचे साडेअकरा हजार आम्ही भरले. पैशांचे मी एवढे मनाला लावून घेतले नाही. पण १९९४ पासून मी गाडी चालवते आहे, आणि खोटे कोण बोलतो आहे हे डोळ्यांनी पाहिलेले असूनही त्या दिवशी ते दाखवता आले नाही. ते अजून सलते.

मी ३१ वर्षे एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत सहायक होते. उपकरण का बिघडले हे बघितल्याशिवाय ते टाकून द्यायचे नाही, ही तिथली सवय. घरी येऊन कॅमेरा काचेवरून काढला. मागचे झाकण एका बाजूने उचलले गेले होते, फटीत रुपयाचे नाणे जाईल इतके. स्क्रू काढले तर आत बिस्किटाएवढी चपटी लिथियम बॅटरी, तिचे चंदेरी पाकीट उशीसारखे टम्म फुगलेले. मल्टिमीटर लावला. जिथे ३.७ व्होल्टच्या आसपास हवेत तिथे ०.९ आले.

ही बॅटरी नेमकी कशासाठी असते, हे मलाही तोवर नीट ठाऊक नव्हते. गाडी चालू असताना कॅमेऱ्याला वीज लायटरच्या सॉकेटमधून मिळते. बॅटरीचे काम लागते ते वीज अचानक गेल्यावर. चालू असलेला तुकडा नीट बंद करून कार्डावर पक्का करायला कॅमेऱ्याला दोन-चार सेकंद हवे असतात. तेवढेही मिळाले नाहीत तर ती फाईल उघडतच नाही, कारण आत कुठे काय आहे याची सूची फाईल बंद होताना लिहिली जाते. आमच्या गाडीत धडकेच्या हिसक्याने सॉकेटमधला प्लगच निघून आला होता. म्हणजे ज्या क्षणासाठी कॅमेरा लावायचा, त्याच क्षणी वीज गेली आणि तो क्षण सांभाळायला ठेवलेली बॅटरी आधीच मेलेली होती.

तिला मारले उन्हाने. त्या दिवशी सकाळी अकरा ते साडेतीन गाडी एका रुग्णालयाबाहेर उघड्यावर उभी होती. यजमानांच्या उपचारांसाठी मार्चपासून आठवड्यातून दोनदा ती तशीच उभी राहत होती. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चार्ज करावी आणि ६० अंशांपर्यंत वापरावी, असा तिचा नियम आहे. त्यापुढे आतल्या द्रवाचे विघटन होऊन वायू सुटतो आणि पाकीट फुगते. आता आपले ऊन बघा. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि वेधशाळेचा आकडा हा सावलीतल्या, हवेशीर पेटीतल्या तापमापकाचा असतो. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि देशभर गाजले. ते सेन्सरच्या बिघाडाने आले होते, हे नंतर हवामान खात्याने सांगितले. हवेचे तापमान म्हणून ५६ चुकीचेच होते. पण काचा लावून उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आत ५६ ही मे महिन्यातली रोजची गोष्ट आहे.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, आमच्या फाटकासमोर, मानेवाड्यात, गाडी उन्हात उभी करून मी प्रोबचा तापमापक घेऊन बसले. दुपारी अडीचला व्हरांड्याच्या सावलीत ४४.६ अंश होते. आत, आरशाच्या मागे जिथे कॅमेरा चिकटवतात त्या जागी, ७२. काच दोन बोटे खाली ठेवून पाहिली तर ७०, म्हणजे त्या फटीचा उपयोग नाही. चालकाच्या सीटखाली मात्र ४९. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली हीच मोजणी करून दाखवली होती. बंद गाडीतली हवा तासाभरात बाहेरपेक्षा सरासरी २२ अंशांनी तापते आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. त्यामुळे "दहा मिनिटांत येते" म्हणून दवाखान्यात शिरणारीची गाडीसुद्धा सुटत नाही.

या मोजणीत एक गोष्ट अशी निघाली जी मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून ती जरा विस्ताराने लिहिते. आपण सगळे पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावतो. त्याने स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड वाचतो, हे खरे. पण कॅमेरा काचेला चिकटलेला असतो, म्हणजे तो पडदा आणि काच यांच्या मधल्या बोटभर जागेत सापडतो. समोरून ऊन, मागून पडद्यावरून उलटलेले ऊन आणि हवा कोंडलेली. तिथे ७९ अंश भरले, पडदा नसतानापेक्षा सात अंश जास्त. आम्ही तो पडदा दोन महिने मोठ्या काळजीने लावत होतो. दुसऱ्या दिवशी घरातली जुनी पांढरी चादर काचेवर बाहेरून टाकली आणि दोन्ही टोके दारांत अडकवली. त्याच जागी ५३ आले. ऊन काचेतून आत शिरण्याआधी अडवले तरच फरक पडतो. चादर टाकणे जमणार नसेल तर आतल्या पडद्याला आरशाजवळ कात्रीने खाच पाडावी, म्हणजे कॅमेरा पडद्याच्या आतल्या बाजूला, सावलीत येतो. किंवा सरळ कॅमेरा काढून सीटखाली ठेवावा.

पण मूळ उपाय घेतानाच करायचा आहे. डॅशकॅम दोन प्रकारचे मिळतात, आत लिथियम बॅटरी असलेले आणि आत सुपर कपॅसिटर असलेले. कपॅसिटरमध्ये रासायनिक क्रिया होत नाही, विद्युतभार नुसता पृष्ठभागावर साठतो. म्हणून तो उष्णता पुष्कळ सोसतो. त्याची मर्यादा साधारण ६५ ते ८५ अंशांपर्यंत असते. उन्हाने त्याचेही वय कमी होते, पण फुगून पेट घेण्याची भीती जवळजवळ नाही. त्यात वीज फार थोडी मावते, पण फाईल बंद करायला लागणाऱ्या त्या दोन-चार सेकंदांना ती पुरते. आपल्या गावासाठी कपॅसिटरचाच घ्यावा, यात मला तिळमात्र शंका नाही. हे विचारत मी बर्डीवर चार दुकाने फिरले. तिघांना आत काय आहे ते सांगता आले नाही. त्यातल्या एकाने तर बॅटरीवालाच घ्या म्हटले, कारण "तो गाडी बंद असतानाही चालते." चालतो, वीस-पंचवीस मिनिटे. नव्या बॅटरीवर, हिवाळ्यात. चौथ्या दुकानातल्या मुलाने खोक्यावरचे बारीक अक्षर वाचून कपॅसिटर दाखवला आणि बिलावर तसे लिहूनही दिले.

गाडी बंद असताना पाळत हवी असेल, कोणी घासून जाते का ते बघायचे असेल, तर वीज गाडीच्या मोठ्या बॅटरीतून घ्यावी लागते. त्यासाठी हार्डवायर किट मिळते. पिवळी वायर कायम चालू असलेल्या फ्यूजला, लाल किल्लीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजला, काळी बॉडीला. आमच्याकडे लावणाऱ्या मेकॅनिकने पिवळी आणि लाल एकाच ठिकाणी जोडली आणि गाडीची बॅटरी किती व्होल्टला उतरली की कॅमेऱ्याची वीज तोडायची ते ठरवणारे किटवरचे बटण सर्वांत खाली, ११.६ वर ठेवले. आम्ही लग्नाला चार दिवस रेल्वेने अमरावतीला गेलो. परत आलो तर गाडी किर्रही करेना. हिशेब सोपा आहे. कॅमेरा सतत ०.३ अँपिअर खातो, ९६ तासांचे जवळपास २९ अँपिअर-तास झाले, आणि आमची बॅटरीच ३५ ची. बारा व्होल्टची बॅटरी भरलेली असताना १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ ला ती अर्धी झालेली असते, ११.८ ला जवळपास रिकामी. म्हणून मी आता १२.२ ला तोडते. उन्हाळ्यात बॉनेटखालच्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्य तसेही घटत असते, तिला तळापर्यंत पिळू नये. मेकॅनिकला पुढ्यात उभे राहून विचारा, वायरी वेगवेगळ्या जोडल्या का आणि बटण किती व्होल्टवर ठेवले. आणि ज्या गाडीत खिडकीच्या खांबात एअरबॅग आहे, तिथे वायर एअरबॅगच्या समोरून जाऊ देऊ नये.

आमच्याकडे पाळत फक्त रात्री चालू असते. मार्च ते जूनमध्ये सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा मी ती बंद ठेवते, कारण चालू कॅमेरा स्वतःही तापतो आणि त्या ७२ मध्ये आणखी भर घालतो. ज्यांना दिवसाही हवीच आहे, त्यांच्यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या वेगळ्या बॅटऱ्या मिळतात. त्या गाडी चालताना भरतात आणि थांबल्यावर कॅमेऱ्याला वीज देतात. महाग आहेत, साध्या लिथियमपेक्षा उष्णतेला चांगल्या टिकतात, पण त्यांचीही जागा सीटखालीच. मोबाइलची पॉवर बँक डॅशबोर्डवर ठेवून तिच्यावर कॅमेरा चालवणारे मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून सांगते, हे करू नका. ती पेटली तर गाडीसकट जाईल.

उन्हातून गाडी काढली की चारही दारे मिनिटभर उघडी ठेवा, मग एसीचा झोत थोडा वेळ पुढच्या काचेकडे वळवा. कॅमेरा फार तापलेला असेल तर तो स्वतःहून बंद पडतो, आणि रस्त्यावरची पहिली काही मिनिटे आपण रेकॉर्डिंग नसताना चालवत असतो. कार्ड "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलेच, म्हणजे सततचे रेकॉर्डिंग सोसणारे घ्या. महिन्यातून एकदा गाडी सुरू असताना प्लग उपटून बघा, शेवटचा तुकडा उघडतो का ते. मी ही एक चाचणी आधी केली असती तर त्या दिवशी ठाण्यात मान खाली घालावी लागली नसती. आणि कधी अपघाताचे चित्रण हाती असलेच, तर मूळ कार्ड लगेच काढून जपून ठेवा, त्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होऊ देऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलवर फिरवलेल्या नकलेबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते.

फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. आमची मी वाळूच्या डब्यात गच्चीच्या जिन्याखाली सावलीत ठेवली आणि नंतर ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली.

आपल्या वृत्तपत्राद्वारे डॅशकॅम विकणाऱ्यांना माझी एकच मागणी आहे. आत बॅटरी आहे की कपॅसिटर, आणि किती अंशांपर्यंत चालेल, या दोन गोष्टी त्यांनी मराठीत चिठ्ठीवर लिहून खोक्यावर चिकटवाव्यात, आणि गिऱ्हाइकाने विचारले नाही तरी तोंडाने सांगाव्यात. लग्नसराईत आणि सुट्यांत लोक हे कॅमेरे नव्या गाडीबरोबर घेतात, म्हणून नवतपा लागायच्या आत हे पत्र छापावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
मानेवाडा, नागपूर