लेबलं छापण्याआधी

कोल्हापूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या संग्रहातल्या खनिजांच्या लेबलांची यादी मिळाली आणि लाल पेन घेऊनच वाचली. काम झकास झालंय, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे सगळं भांडणच आहे. यादीच्या माथ्यावर तू नियम घातलायस: ‘ज्या गावावरून खनिजाचं नाव पडलं, त्या गावचे लोक म्हणतात तसंच नाव लिहायचं.’ ऐकायला फार बरं वाटतं रे. पण या एका नियमापायी निम्म्या यादीचा विचका झालाय.

बॉक्साइटचंच बघ. मी राहतो बॉक्साइटच्या जिल्ह्यात, त्यामुळे सुरुवात तिथूनच. तू ‘बोआइट’ करून ठेवलंयस, कारण फ्रान्समधल्या त्या गावाचा उच्चार ‘ले बो’. उच्चार खरा आहे. पण 1821 मध्ये पिएर बेर्तिएने तिथल्या लाल मातीचं पृथक्करण केलं, तेव्हा त्याने स्वतःच गावाचं नाव बी-ई-ए-यू-एक्स असं लिहिलं. पुढे द्युफ्रेनुआने त्यावरून खनिजाचं नाव पाडलं, त्यातही तो ‘ई’ शिल्लक होता. 1861 मध्ये सेंत-क्लेअर दव्हिलने तो काढून टाकला आणि आजचं स्पेलिंग रूढ झालं. म्हणजे दुरुस्ती झाली ती अक्षरांत, आणि तीही दीडशे वर्षांपूर्वी. शेवटचा ‘एक्स’ गावकरी उच्चारत नाहीत आणि बाकी सगळं जग उच्चारतं. राधानगरीच्या रस्त्यावर कुणाला विचार, ‘बॉक्साइटची गाडी’ म्हणूनच सांगेल. तुझं ‘बोआइट’ वाचून तो म्हणेल, हे काय नवीन?

(बॉक्साइट हे काटेकोर अर्थाने खनिज नसून खडक आहे, हे तू मला सुनावणार. माहीत आहे. पण तुझ्याच यादीत ते खनिजांच्या रकान्यात आहे.)

आता जिथे तुझी शंका रास्त आहे तिथे येतो. त्या चेक संग्राहकाकडून बदल्यात आलेल्या गुलाबीसर तुकड्यावर तू ‘कुटनाहोराइट’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंयस. गाव कुत्ना होरा, बोहेमियातलं जुनं चांदीच्या खाणींचं गाव. खनिज डोलोमाइटच्या भावकीतलं, फक्त मॅग्नेशियमच्या जागी मँगनीज. 1901 मध्ये बुकोव्स्कीने नाव दिलं ते ‘ओ’ने, कुत्नोहोरिट. 1955 मध्ये फ्राँडेल आणि बाउअर यांचा अमेरिकेत लेख आला, त्यात ‘ए’ आला, आणि कितीतरी इंग्रजी पुस्तकांनी तोच उचलला. कारण उघड आहे. नकाशावर गावाच्या नावात ‘ए’ दिसतो, मग खनिजात ‘ओ’ कसा? तर चेकमध्ये त्या गावावरून विशेषण होतं ते ‘कुत्नोहोर्स्की’. प्रत्यय लागला की मूळ रूप बदलतं. पुण्याचं ‘पुणेरी’ आणि साताऱ्याचं ‘सातारी’ करणाऱ्यांना हे समजवायची गरज नाही. आज खनिजांच्या आंतरराष्ट्रीय मान्य यादीतही ‘ओ’च आहे. तेव्हा प्रश्नचिन्ह काढ आणि ‘कुत्नोहोराइट’ लिही. ‘ट’ आपण इंग्रजीतून वाचल्यामुळे शिरलाय, चेक मंडळी ‘त’च म्हणतात.

इथे तुझ्या नियमाला आधार आहे, हे मान्य. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटना 1958 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचा नामकरण आयोग आला. त्या आयोगाच्या नियमांत म्हटलंय की स्थळावरून नाव द्यायचं असेल तर स्पेलिंग त्या ठिकाणी चालतं तेच घ्यावं, भाषांतरातून घेऊ नये. उत्तम नियम आहे. पण तो नाव देणाऱ्यासाठी आहे, बारशाच्या वेळचा. झालेली बारशी मोडायला तो नाही. तू नेमकं तेच करतोयस.

केस्टेराइटला तू हात लावला नाहीस, बरं केलंस. ते रशियातल्या याकुतियामधल्या एका ठिकाणावरून आलंय. रशियनमध्ये त्या पहिल्या ‘ए’वर दोन टिंबं आहेत आणि उच्चार ‘यो’कडे झुकतो. रशियन छापखाने ती टिंबं बिनदिक्कत गाळतात. खनिजांच्या मान्य यादीत टिंबं आहेत, आणि तांबं-जस्त-कथिल-गंधकाच्या सौरघटांवर काम करणारे सगळे लोक टिंबांशिवाय लिहितात. कोण जिंकेल ते सांगायला नको. देवनागरीत तर प्रश्नच मिटला.

इल्मेनाइटची गंमत वेगळी. 1791 मध्ये विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याने इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या मनॅकन परगण्यातल्या ओढ्याची काळी वाळू तपासली. ती लोहचुंबकाला चिकटत होती, पण लोह वजा केल्यावर उरलेला भाग कुठल्याच ज्ञात धातूशी जुळेना. तो टायटॅनियम होता. ग्रेगरने गावावरून नाव दिलं, आणि ते नाव पुढच्या लेखकांनी एकदा ‘मेना’, एकदा ‘मना’, कुठे एक ‘सी’, कुठे दोन, कुठे ‘के’ असं वाट्टेल तसं लिहिलं. 1827 मध्ये उरलमधल्या इल्मेन डोंगरांवरून त्याच खनिजाला सुटसुटीत नाव मिळालं आणि बिचारा मनॅकन मागे पडला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू आपण आज इल्मेनाइट म्हणून ओळखतो ती त्यामुळे. मला खात्री आहे, मनॅकनचं एकच स्पेलिंग धरून सगळे चालले असते तर ते नाव टिकायची जास्त शक्यता होती. स्पेलिंग ‘शुद्ध’ असण्यापेक्षा एकच असणं मला महत्त्वाचं वाटतं, ते म्हणून.

आणि शुद्ध तरी काय काय करशील? अरॅगोनाइटमध्ये पूर्वी दोन ‘आर’ लिहीत, आता एक. पण स्पेनमधल्या ज्या मोलिना दे आरागॉनवरून ते आलं ते गाव आरागॉन प्रांतात नाहीच, ग्वादालाहारात आहे. अँडालुसाइटचा मूळ नमुनाही ग्वादालाहारातलाच, अँडालुसियाशी त्याचा संबंध नाही. कॅनडातल्या बायटाउनचं 1855 मध्ये ओटावा झालं, बायटाउनाइट तसंच राहिलं. राहू दे.

आता आपल्या घरचं. 1831 मध्ये हेन्री ब्रुकने पुण्याकडच्या झिओलाइट गटातल्या एका खनिजाला ‘पूनालाइट’ म्हटलं, तेव्हाच्या पद्धतीने ‘पूना’च्या शेवटी ‘एच’ लावून. ते वेगळं खनिज नाही हे पुढे ठरलं. तू त्याचं ‘पुणेलाइट’ केलंयस! मेलेल्या नावाचं नामांतर कशाला? ऐतिहासिक म्हणून ठेवायचं तर होतं तसं ठेव. भूवैज्ञानिक फर्मोरचं सीतापाराइट असंच, छिंदवाड्यातल्या सीतापारवरून आलेलं आणि नंतर बिक्सबाइट निघालेलं.

तिरोडाइट आणि चिक्लाइटपाशी मात्र मी अडलो. तिरोडी बालाघाटात, चिखला आपल्या भंडाऱ्यात, दोन्ही मँगनीजच्या खाणींची गावं. दोन्ही नावं अँफिबोल या सिलिकेट गटातल्या खनिजांची आणि दोन्ही आता बाद. ‘गावात चालतं ते स्पेलिंग’ म्हणजे इथे कुठलं? गावकरी देवनागरीत लिहितात. रोमनमध्ये जे आहे ते कुणा साहेबाने कानाला पडलं तसं टिपलं आणि तेच खाणीच्या पाटीवर चढलं. त्यात चिखल्याचा ‘ख’ गेला. तिरोडीचा ‘ड’ आणि दिल्लीचा ‘द’ एकाच अक्षराने लिहिले जातात, त्यामुळे बाहेरचा माणूस ‘टिरोदाइट’ म्हणाला तर त्याचा दोष नाही. पण आपण मराठी लेबल लिहितोय, आपल्याला कुणी अडवलंय? इथे तुझा नियम मला शंभर टक्के मान्य. तिरोडाइट लिही, चिखलाइट लिही. मुलं हसतील, हसू देत.

माझी खरी तक्रार मात्र लेबलाच्या दुसऱ्या ओळीवर आहे. खनिजाच्या नावावर तू इतका जीव काढलास आणि सापडल्याच्या जागेपुढे सरसकट ‘पुणे, भारत’! भोर घाटात रेल्वे झाली तेव्हापासून ही खोड आहे. घाटातले दगड ‘पूना’ म्हणून परदेशी गेले, आणि आज जळगाव-नाशिकचेही तसेच जातात. तुझा तो हिरवा अपोफिलाइट, खालच्या बाजूला पांढऱ्या स्टिल्बाइटची कड असलेला, तो पुण्याचा आहे असं तुला कुणी सांगितलं? दुकानदाराने ना? आणि कॅव्हन्साइटचं नाव तर कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांवरून जुळवलेलं, पहिल्यांदा मिळालं अमेरिकेत ओरेगनला. त्याच्या नावात गाव नाही, म्हणून तर लेबलावर पुण्याजवळचं ‘वाघोली’ हवंच, आणि जमलं तर खाणही. नावातली चूक कुणीही यादी बघून सुधारेल. दगड कुठून आला हे एकदा हरवलं की परत मिळत नाही.

तेव्हा छापखान्यात देण्याआधी दोन गोष्टी कर. अपोफिलाइट ज्याच्याकडून घेतलास त्याला फोन करून गाव विचार. आणि भंडाऱ्याचा तो काळा जड दगड चिखल्याचा की डोंगरी बुजुर्गचा, हे तुझ्या जुन्या वहीत असेल, ते बघून कळव. दोन्हींचं उत्तर मिळालं नाही तर ‘स्थळ अज्ञात’ छाप, लाजू नकोस.

वहिनींना नमस्कार. यादी सोबत परत पाठवतोय, लाल शाईबद्दल रागावू नकोस.

तुझा,
अनिल