चि. मंदारला पत्र

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर डाव्या पायाला मी जे स्प्लिंट, म्हणजे पाऊल धरून ठेवणारा आधार, लावतो, त्यावरून रविवारी फोनवर तू चिडलास. "स्प्लिंट काढा बाबा, त्याची सवय लागली तर पाय सुधारणार कधी? तुम्ही चालायचा कंटाळा करता." आईने फोन काढून घेतला आणि बोलणं तिथेच तुटलं.

कंटाळा नाही रे. सारसबागेत फाटकापासून गणपतीपर्यंत गेलो की घाम फुटतो. डाव्या पोटरीचा रेटाच गेला आहे. पाऊल लोंबतं, ते घासू नये म्हणून कंबर उचलून अख्खा पाय अर्धगोल फिरवावा लागतो, आणि उजवा पाय दोघांचं काम ओढतो. तेवढंच अंतर चालायला धडधाकट माणसाच्या साधारण दीडपट, काहींना दुप्पट शक्ती लागते. श्वासातला प्राणवायू मोजून हे काढतात. शिवाय झटक्यानंतर एकूण दम निम्म्याच्या आसपास येतो. म्हणजे पगार निम्मा आणि भाडं दुप्पट. हळू चालून वाचत नाही काही. नुसतं जिवंत राहायला शरीर खर्च करतच असतं, आणि तेच अंतर कापायला वेळ जास्त लागला की तोही त्यात चढतो. स्प्लिंट पाऊल वर धरतं, म्हणून खर्च जरा उतरतो. ते काढलं तर माझं चालणं वाढणार नाही, घटेल.

तू बीपी मोजलंस का? असो, तो विषय नको.

तू दुसरीत असताना आपण आतकरवाडीकडून सिंहगड चढलो होतो. तू दर वळणाला बसायचास. शेजारच्या काकांची मुलं केव्हाच पुढे गेली होती. मी म्हणायचो, दम खा, मग चढू. वर पोचल्यावर तू मडक्यातलं दही एकट्याने संपवलंस आणि उतरताना सगळ्यांच्या पुढे पळालास. मला ते अजून दिसतं.

झटक्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाढलेलं बीपी, आणि ते वाढलेलं बहुतेकदा कळतही नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. तुझं रात्री दोनपर्यंत काम, बाहेरचं खारट खाणं, आजीकडून आलेला तो राग. मीठ कमी कर, झोप पुरी घे, सिगारेट खरंच सुटली असेल तर... हे भाषण झालं. माफ कर. एवढी माणसं तुझ्या हाताखाली आहेत, हे बागेतल्या बाकावर मी सगळ्यांना सांगून झालंय. तुला शिकवणारा मी कोण? पण धास्ती जात नाही.

दिवाळीत आलास की माझ्याबरोबर चाल. डाव्या बाजूने चाल, तोल तिकडे जातो. मध्ये थांबलो तर घाई करू नकोस. थोडं चालून, थोडं बसून रोजचं अंतर वाढवायचं, असं फिजिओच्या बाईंनी ठरवून दिलंय.

आणि बीपीचा आकडा आईला सांगू नकोस. आधी मला कळव, वरचा आणि खालचा, दोन्ही.

तुझे बाबा