खापर ईमेलवर कशाला?

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीत गिटवर (प्रोग्रॅमच्या कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) लेख आला होता, चांगला होता, पण ईमेलने पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाची फाइल, पाठवणं म्हणजे जुनाट प्रकार, त्याने समोरच्याच्या इनबॉक्सचा नुसता उकिरडा होतो असं जे एका फटक्यात लिहून टाकलंय ते काही पटलं नाही. अहो, लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, काम आजही मुख्यतः ईमेलवरच चालतं आणि लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट बनवलं तेच मुळी त्या कामासाठी. उकिरडा होतो तो सेटिंग न बघता पाठवल्यामुळे.

प्रत्येक मेलला मेसेज-आयडी, म्हणजे स्वतःची वेगळी ओळखखूण, असतो, उत्तरादाखल गेलेल्या मेलच्या इन-रिप्लाय-टू आणि रेफरन्सेस या हेडरमध्ये (मेलसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) आधीच्या मेलचा आयडी जातो, आणि मेल प्रोग्रॅम मुख्यतः त्यावरूनच थ्रेड, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या मेलची साखळी, बांधतो. पॅच मेलने पाठवणारी गिटची कमांड, सेंड-ईमेल, हे आपणहून करते, फक्त सगळे पॅच एकाच कमांडमध्ये द्यायचे, पण लोक एकेक फाइल सुटी पाठवतात आणि मग थ्रेड तुटला म्हणून बोंबलतात! फॉरमॅट-पॅचला (पॅचच्या फाइली बनवणारी गिटची कमांड) कव्हर-लेटरचा पर्याय दिला की शून्य नंबरचा मेल तयार होतो, त्यात काय केलंय आणि का ते लिहायचं, बाकीचे पॅच त्याच्याखाली एका रांगेत बसतात. गंमत म्हणजे सेंड-ईमेल प्रत्येक मेलची वेळ एकेक सेकंदाने पुढे टाकतं, त्यामुळे वेळेनुसार लावले तरी क्रम बिघडत नाही.

सेंड-ईमेलचं चेन-रिप्लाय-टू हे सेटिंग (प्रत्येक पॅच आधीच्या पॅचला उत्तर म्हणून पाठवणारं) चालू असेल तर मात्र दुसरा पहिल्याखाली, तिसरा दुसऱ्याखाली असा जिना होत जातो आणि दहाव्या पॅचपर्यंत सब्जेक्ट स्क्रीनच्या कडेला जाऊन टेकतो. गिट १.७.० च्या आधी हेच डिफॉल्ट होतं, लेखकांचा राग बहुतेक त्या काळातला असावा, किंवा कुणाची तरी जुनी कॉन्फिग फाइल उचलून वापरली असेल (ती सवय तर सगळीकडेच आहे). आणि फॉरमॅट-पॅचमध्ये थ्रेड बांधण्याचं सेटिंग चालू केलं असेल तर सेंड-ईमेलमध्ये ते बंद करा, दोघांनी एकच काम केलं की काय होईल याची खात्री नाही. काही मेल सर्व्हर मेसेज-आयडी परस्पर बदलतात, मग सगळे पॅच अस्तित्वातच नसलेल्या मेलला उत्तर देत बसतात, तिथे दोष सर्व्हरचा, गिटचा नाही.

पॅचची सुधारलेली मालिका जुन्याच थ्रेडला जोडावी का यावर वाद चालतात, कर्नलवाल्यांचा सल्ला आहे की अनेक पॅच असतील तर शक्यतो जोडू नका, कव्हर लेटरमध्ये जुन्याची लिंक द्या, आणि मला तेच बरोबर वाटतं, नाहीतर तिसऱ्या आवृत्तीपर्यंत कुठलं उत्तर कशाला आलंय काही कळत नाही.

पुढचा लेख लिहिण्याआधी लेखकांनी चार-पाच पॅचची मालिका आधी ड्राय-रनने (म्हणजे खरोखर न पाठवता) तपासावी आणि मग स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून बघावी एवढीच विनंती.

– एक वाचक