दशावतारी पात्राचा आवाज सांभाळा

महोदय,

कोकणातल्या दशावतारी या लोकनाट्याला लिखित संहिता नसते. आख्यान ठरले की संवाद नटाने रंगमंचावर उभ्या उभ्या रचायचे असतात. अशा वेळी पात्र टिकते ते आवाजाच्या पट्टीवर आणि भाषेच्या बाजावर. राजा भारदस्त ग्रांथिक मराठीत बोलतो, विनोदी पात्र मालवणीत. परंतु अलीकडे काही प्रयोगांत समोरच्याने अनपेक्षित प्रश्न टाकताच राजाच मालवणीवर येतो किंवा स्त्रीपार्टीचा, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटाचा, नाजूक स्वर शोकाच्या भरात पुरुषी होतो, याचे फार वाईट वाटते. हशा मिळतो खरा. पण पुढच्या प्रसंगातले त्या राजाचे दुःख मग कोणालाच भिडत नाही. उत्तर सुचेपर्यंत त्याच सुरात शब्द लांबवण्याचा सराव मंडळांनी तरुण नटांकडून आवर्जून करून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक दशावतारप्रेमी, कुडाळ