तारघरातून पाहिलेलं

अमळनेर

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

फोनवरच्या संदेशांना घालतात तसलं, पण कधीच फुटणार नाही असं गुप्ततेचं कुलूप असतं का, आणि त्याची एक किल्ली सरकारकडे असावी का, हे तू फोनवर विचारलंस तेव्हा मला नीट बोलता आलं नाही.

असतं गं. किल्ली म्हणजे संदेश झाकायला वापरलेली आकड्यांची माळ. ती संदेशाइतकीच लांब, अगदी क्रमहीन, एकदाच वापरायची आणि गुप्त ठेवायची, एवढं पाळलं तर ते फुटत नाही. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली गणिताने सिद्ध केलंय. पण सोव्हिएत हेरांच्या किल्ल्यांची काही पानं दुबार छापली गेली, अन् तेवढ्यावरून अमेरिकेने त्यांचे काही संदेश वाचले. गणित शाबूत राहिलं, माणसं चुकली. तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपचं कुलूप मात्र वेगळं: फोडायला लागणारा वेळ कुणाकडेच नाही, हाच त्याचा भरवसा. क्वांटम संगणक मोठे झाले तर त्याचीही परीक्षा होईल, म्हणून नव्या पद्धती आत्तापासून घेताहेत.

किल्लीचं मात्र मी तारघरातल्या अनुभवावरून सांगतो. गावात कुणाचा बाप गेला हे त्याच्या घराआधी मला कळायचं. तार घेऊन पोरगा गल्लीत शिरला की बाया वाचण्याआधीच रडायला लागायच्या. मी कधी कुणाचं कुणाला सांगितलं नाही. पण एका मुलीच्या लग्नाची मोडलेली बोलणी तारघरातून बाजारात गेली, आणि ती मुलगी पुढे दोन वर्षं घराबाहेर पडली नाही. सांगणारा वाईट नव्हता. त्याच्या हातात कागद होता, इतकंच.

अपहरण झालेल्या पोराच्या आईला पोलिसांनी संदेश वाचावेत असंच वाटणार. ते मला पटतं. म्हणूनच केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत एखादा संदेश मुळात पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्या, असं आलं, अन् व्हॉट्सअ‍ॅप कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पण दार एका चांगल्या माणसासाठी ठेवलं, तरी त्यातून येणारा तोच असेल याची हमी कोण देणार? अमेरिकेत २०२४ साली फोन कंपन्यांच्या टॅपिंगच्या व्यवस्थेतच चिनी हॅकर शिरल्याचं उघड झालं. ती व्यवस्था सरकारसाठीच केलेली होती. पोलिसांनी न्यायालयाचा आदेश घेऊन संशयिताचा फोन ताब्यात घ्यावा. सगळ्या गावाच्या दाराला एकच किल्ली नको.

तुझ्या चॅटच्या बॅकअपला वेगळं कुलूप लावावं लागतं म्हणे, तेवढं बघ. कानबाईच्या रोटांना ये. आई वाट बघतेय.

तुझे आप्पा