मुक्ता, डावाच बूट का वाजतो?

लष्कर, ग्वाल्हेर
श्रावण, सोमवार रात्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सांगितलंस की सागरच्या पोलीस ट्रेनिंगमध्ये परेडला बूट करकरतो, कवायत घेणाऱ्या उस्तादांनी सगळी रांग थांबवून "किसका बूट गा रहा है?" विचारलं. सांगताना तू हसत होतीस. बूट वाजला यात लाजण्यासारखं काही नाही, पायात रुळेपर्यंत चांगल्या चामड्याचा बूटही वाजतो. पण तू "डावा" म्हणालीस. दोन्ही नाही, डावा. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, आता त्या दुखावलेल्या डाव्या घोट्याचं विचारत बसू नका, पोरगी वैतागते. नाही विचारत. बुटाबद्दलच लिहितो.

आवाज नेमका कुठून येतो हे ठरल्याशिवाय बुटाला काही लावायचं नाही. लोक आधी तेल ओततात, पावडर कोंबतात, आणि मग आमच्या दुकानात आणतात तेव्हा मूळ दुखणं शोधण्याआधी ते सगळं काढावं लागतं. बूट वाजतो तो दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना. सारंगीचा गज जसा तारेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, तसं एक चामडं दुसऱ्याला पकडतं आणि निसटतं. म्हणजे काम एवढंच की ते दोन पृष्ठभाग कोणते ते शोधायचं, आणि मग त्यांना एकतर सहज सरकू द्यायचं, नाहीतर हलूच द्यायचं नाही.

रात्री खोलीत शांतता झाली की बूट हातात घे. एका हाताने टाच, दुसऱ्याने चवडा धर आणि पाऊल वाकतं तिथे वाकव. वाजला तर दोष वरच्या चामड्यात, जिभेत किंवा तळाच्या थरांत आहे. नाही वाजला तर आत हात घालून पाताबा, म्हणजे पायाखालचा आतला तळ, अंगठ्याने जागोजागी दाब, विशेषतः टाचेखाली आणि कडेकडेने. तिथेही शांत असेल तर बूट घालून आधी फरशीवर चाल, मग सतरंजीवर. सतरंजीवर आवाज बंद झाला तर फरशी आणि सोल यांचं भांडण आहे, बुटाच्या आत काही नाही. शेवटी उभी राहून वजन आधी टाचेवर, मग चवड्यावर, मग पावलाच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेवर टाक. कोणत्या कडेला वाजतो ते लिहून ठेव.

बाहेरच्या कडेला वाजत असेल तर मला लगेच कळव.

बहुतेक वेळा पाताबाच निघतो. तो खालच्या पुठ्ठ्यावर घासतो, त्यात पायाचा घाम. सुटा असेल तर पूर्ण बाहेर काढ, खालची जागा कोरड्या फडक्याने पूस, रात्रभर तसाच उघडा ठेव. सकाळी चहाचा अर्धा चमचा साधी टाल्कम पावडर आत टाकून जुन्या कोरड्या ब्रशने कडेपर्यंत पसरव. कडा महत्त्वाच्या, कारण मधोमध वजनाने दाब बसतो, सरकतं ते कडेला. उरलेली पावडर बूट उलटा करून झटकून टाक आणि मग पाताबा बसव. चिकटवलेला असेल तर ओढून फाडू नकोस. टाचेकडून कड जरा उचल, नारळपाण्याच्या नळीत पावडर भर आणि हलकी फुंकर मार. फळ्याचा खडू कुटून घालू नकोस, त्याचे कण खरखरीत असतात आणि घामाने गठ्ठे होतात. ओल्या बुटात पावडरही घालायची नाही, तिचा चिखल होतो आणि वाळल्यावर तोच वाजतो.

जीभ वाजत असेल तर आवाज वरून, नाडीच्या खालून येतो आणि पाऊल वाकताना येतो. तिथे पावडर टिकत नाही. पार्सलमध्ये मेणाची वडी घातली आहे, अण्णा आजोबा दोऱ्याला लावायचे तेच मधमाश्यांचं मेण. जिभेच्या दोन्ही कडा आणि वरच्या चामड्याची आतली बाजू, जिथे ती एकमेकांना लागतात, तिथे वडी घास आणि बोटाने चोळून ऊब दे. मेण चामड्यात मुरलं पाहिजे, वर दिसायला नको. ते संपलं तर पांढरी साधी मेणबत्तीही चालेल.

आता एक विचारतो, आणि हे बुटाचंच आहे. हा आवाज सकाळी येतो की संध्याकाळी? सकाळच्या परेडला वाजून मग बंद होत असेल तर बूट रात्री नीट वाळत नाही. पण सकाळी शांत आणि संध्याकाळी वाजायला लागत असेल, तर दिवसभरात पाऊल फुगतं आहे, बूट घट्ट होतो आहे आणि जीभ दाबली जाते आहे. थोडं पाऊल सगळ्यांचंच संध्याकाळी फुगतं. दोन्ही पावलं सारखी फुगतात पण. एकटं डावं फुगत असेल तर त्यावर पावडर किंवा मेण हा उपाय नाही, मुक्ता.

बघ, पुन्हा तिथेच आलो. आईला सांगू नकोस.

वाळवण्याचं नीट वाच. सागरलाही पाऊस आपल्यासारखाच, मैदानावरचं गवत ओलं, त्यामुळे बूट रोज भिजणार. आल्या आल्या नाडी पूर्ण सैल कर, जीभ पुढे ओढ, पाताबा बाहेर. वर्तमानपत्राचे बोळे चवड्यापर्यंत भर, पण ठासून नको, आकार बिघडतो. पहिले बोळे तासाभरात बदल, मग झोपताना आणखी एकदा. बूट आडवा ठेव म्हणजे तळालाही वारा लागेल. पंखा चालेल. ऊन नको, हीटर नको, केस वाळवायचं यंत्र तर नकोच. ओल्या चामड्याला आच लागली की ते आक्रसतं, त्यातलं मूळचं तेल निघून जातं, ते कडक होतं आणि आतलं चिकटवायचं सोल्युशन मऊ पडून थर सुटतात. म्हणजे घाईने वाळवलेला बूट पुढच्या आठवड्यात जास्तच वाजतो. खरं तर दोन जोड आलटून पालटून घालायला हवेत, एका जोडाला पूर्ण एक दिवस विश्रांती. दुसऱ्या जोडाचे पैसे मी पाठवतो, त्यावर वाद नको.

चामडं कोरडं पडून घड्यांवर वाजत असेल तर लेदर कंडिशनर लाव, एका बुटाला हरभऱ्याएवढं पुरे. मऊ कपड्यावर घेऊन घड्यांवर चोळ, रात्रभर राहू दे, सकाळी पुसून मग पॉलिश. तुझ्या खोलीतली भिंडची मुलगी मोहरीचं तेल लावते म्हणालीस, तिलाही सांग. चंबळ भागात सगळ्या दुखण्यांवर तेच लावतात, पण बुटावर नाही. ते हवेने चिकट होतं, धूळ धरतं, वास मारतं आणि शिवणीतून खाली उतरून चिकटवलेले जोड सैल करतं. त्यावर पॉलिशची चमकही बसत नाही. चमकीसाठी मेणाचे जाड थर चढवायचे ते फक्त नाकावर आणि टाचेच्या मागे, जिथे चामडं वाकत नाही. वाकणाऱ्या जागी जाड थर दिला की तो तडकतो.

टाच सुटली असेल तर टाच आणि तळाच्या फटीत पोस्टकार्ड सरकवून बघ. आत गेलं तर फट आहे. जुनं सोल्युशन खरवडून काढ, दोन्ही बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खडबडीत कर, धूळ पूस. मोच्याकडे मिळतं ते पिवळं रबर सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लाव आणि १० ते १५ मिनिटं थांब. बोट लावल्यावर तार निघत नाही, नुसतं चिकटल्यासारखं वाटतं, तेव्हाच दाब. सगळ्यांचं चुकतं ते इथे, ओलं असतानाच मिटवतात, मग आतला द्रव बाहेर पडत नाही आणि जोड कधीच पक्का होत नाही. एकदा टेकवलं की सरकवता येत नाही, म्हणून कडा आधी जुळवून घे. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून एक पूर्ण दिवस ठेव. पांढरा फेव्हिकॉल इथे उपयोगाचा नाही, तो लाकडाचा. वाकण्याने तडकतो आणि पाण्याने मऊ पडतो. आणि बाहेरून खिळा ठोकू नकोस. मोच्याकडे लोखंडी तिपाई असते, तिच्यावर खिळ्याचं टोक आत वळतं. तुझ्याकडे ते वळणार नाही, टाचेत घुसेल.

टाचेखालच्या लोखंडी नालाचा स्क्रू सैल झाला तर करकर नाही, कटकट ऐकू येते. घट्ट करून बघ. भोक मोठं झालं असेल आणि टाच चामड्याच्या थरांची असेल, तर काडेपेटीच्या काडीची सळ सोल्युशन लावून भोकात घाल आणि मग स्क्रू आवळ. रबरी टाचेत हे टिकत नाही.

आणि आवाज पावलाच्या मधून, टाच आणि चवड्याच्या मधल्या कमरेतून, "टक्" असा येत असेल तर घरी काही करू नकोस. तिथे आत लोखंडी पट्टी असते, ती सुटलेली किंवा मोडलेली असते. पावलाच्या कमानीला तिचाच आधार. असा बूट घालून एकही परेड करू नकोस, तळ उघडून पट्टी बदलावी लागते आणि ते मोच्याचं काम. उस्तादांना सांग. न सांगता दुखणं सोसण्यात बहादुरी नाही, हे तुला किती वेळा... असो. तू आता लहान नाहीस, मी उगाच वर्ग घ्यायला लागलो. रागावू नकोस.

अण्णांकडे बूट शिवायला फौजदार यायचे. अण्णा जमिनीवर बसून त्यांच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवायचे, मग उठून वहीत माप लिहायचे, डाव्या-उजव्याचं वेगळं. त्या वहीच्या मागच्या पानांवर तू पहिल्यांदा क ख ग गिरवलंस. आता त्यांची नात फौजदार होणार. बाड्याच्या चौकात ओळखीचं कोणी भेटलं की मी सांगतो, सागरला आहे, ट्रेनिंगला. दौलतगंजच्या आत्याने तर साऱ्या गल्लीत पेढे वाटले, अजून तू पास आऊट झालीही नाहीस तरी.

जिन्यावर कोण आलं ते तू पावलांवरून सांगायचीस, तुझी ती सवय मलाही लागली आहे. प्लास्टर निघाल्यावर तू जिना उतरायचीस तेव्हा उजवं पाऊल जोरात आणि डावं हलकं पडायचं, दोन पावलांतली वेळही सारखी नसायची. निघालीस त्या दिवशी सारखी होती, मी मुद्दाम दारामागे उभा राहून ऐकलं. म्हणूनच "डावा" शब्द डोक्यातून जात नाही. पाऊल दुखऱ्या बाजूपासून वजन चोरतं, बाहेरच्या कडेवर जातं, तीच कड दबते, पाताबा एका अंगाला सरकतो आणि एकच बूट वाजतो. हे दुकानात रोज दिसतं. तुझ्या बाबतीत तसंच असेल असं नाही.

म्हणून एवढं एक काम कर. दोन्ही बूट टेबलावर शेजारी ठेव आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून मागून बघ. टाचेचा बाहेरचा कोपरा थोडा झिजलेला असतोच, बहुतेकांची टाच आधी तिथेच टेकते. डाव्याची झीज उजव्यापेक्षा जास्त आहे का ते बघायचं. झिजलेल्या कोपऱ्याखाली रुपयाचं नाणं सरकवून बघ, एका टाचेखाली जातं आणि दुसरीखाली जात नाही असं झालं तर बूट मोच्याला आणि घोटा डॉक्टरला दाखव. दोन्ही सारख्या असतील तर पावडर घाल आणि मला विसर.

नाडीचंही सांगतो. टाच आत वरखाली होत असेल तरी बूट वाजतो. वरच्या दोन भोकांत दोन्ही बाजूंना नाडीचा छोटा फास कर, समोरची नाडी त्यातून ओढ, मग गाठ मार. टाच मागे बसते आणि घोट्याला धर मिळतो. खाली चवड्यावर मात्र सैल ठेव. नायलॉनचे मोजे टाक, सुती जाड सहा जोड पाठवले आहेत.

दादूने पार्सल बांधलं आहे. पावडर, मेण, ब्रश, ८० आणि १२० नंबरचे कागद, नाड्या. १२० चा कागद फरशीवर वाजणाऱ्या सोलसाठी आहे, रबराचा गुळगुळीतपणा हलक्या हाताने मोडायचा, मग ओल्या फडक्याने पुसायचं. आईने लाडू घातले आहेत, वेगळ्या डब्यात, पावडरीचा वास लागू नये म्हणून.

रविवारी फोन करशील तेव्हा दोन्ही टाचांचे फोटो आधी पाठव, मागून काढलेले, आणि बूट पुसू नकोस.

तुझा,
बाबा

ता.क. सोल्युशनची ट्यूब पार्सलमध्ये नाही, पेट घेणारा माल डाकेने चालत नाही. तिथल्या मोच्याकडून छोटी डबी घे, खिडकी उघडी ठेवून वापर आणि झाकण लगेच लाव, नाहीतर दोन दिवसांत घट्ट होतं.